मूळ प्रत

१

ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागणार, म्हणजे आवाज कायमचा जाणार, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मेहेंदळे सरांनी खिशातून डायरी काढून तारीख लिहून घेतली. पंचवीस फेब्रुवारी, बुधवार. मग चष्मा सारखा करत म्हणाले, "म्हणजे तीन आठवडे आहेत. पोर्शन पूर्ण होईल." डॉक्टर बुचकळ्यात पडले. सरांची मुलगी आसावरी शेजारी बसली होती, ती रडता रडता हसली.

पोर्शन होता आवाजाचा. हल्ली एक सोय निघाली आहे. माणसाने आधीच काही शे वाक्यं बोलून ठेवली, तर पुढे त्याने मोबाइलवर लिहिलेलं त्याच्याच आवाजात ऐकू येतं. हॉस्पिटलातल्या बाईंनी साडेतीनशे वाक्यांची यादी दिली आणि आसावरीने ते काम अंगावर घेतलं. ती चव्वेचाळीस वर्षांची, चौकजवळ लोधिवलीच्या अलीकडे एका कॉलेजात ग्रंथपाल. लग्न केलं नव्हतं, आणि त्याचं कर्जतकरांना जेवढं वाईट वाटे तेवढं तिला कधी वाटलं नाही. आई गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. तिने दोन महिन्यांची रजा टाकली.

दहिवलीतल्या त्यांच्या फ्लॅटची मागची खोली तिने रेकॉर्डिंगसाठी नक्की केली. टेबल, लॅपटॉप, माइक, सरांची लाकडी खुर्ची. घाट चढायला गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात, त्यांच्या शिट्ट्या खिडकी बंद करूनही आत यायच्या. शिट्टी आली की सर बोट वर करून थांबायचे, गेली की तेच वाक्य पहिल्यापासून घ्यायचे. सदतीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, काम कच्चं सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. प्रत्येक रेकॉर्डिंगची सुरुवात ते हजेरीने करायचे. "आज मंगळवार, तारीख तीन फेब्रुवारी. ठिकाण, मागची खोली. हजर, मी आणि आसावरी." मग यादीतली वाक्यं. शेवटचा शब्द झाला की ते हात वर करायचे आणि आसावरी त्याच क्षणी रेकॉर्डिंग बंद करायची.

पाचव्या दिवशी लॅपटॉपने जागा संपल्याचं सांगितलं. आसावरीने पुण्याला भावाला, देवव्रतला, फोन लावला.

"ताई, त्या डब्यात कशाला साठवतेस? क्लाउडवर टाक," देवव्रत म्हणाला. "एकदा लावून दिलं की तुला बघायलाही नको. दर तासाला आपोआप फाइली वर जातील."

त्याने फोनवरूनच एकेक पायरी सांगितली. कुठला फोल्डर पाठवायचा, कुठे पाठवायचा, किती वेळाने. मग त्याची मीटिंग सुरू झाली आणि शेवटचा प्रश्न तिच्या एकटीच्या पदरात आला. पाठवून झाल्यावर फाइल इथेही ठेवायची, की इथून काढून टाकायची?

"काढून टाक," खुर्चीतून सर म्हणाले.

"बाबा, दोन प्रती असलेल्या बऱ्या. एक गेली तर दुसरी."

"बावीस वर्षं शाळेचं परीक्षा खातं सांभाळलंय मी. मूळ प्रत एकच असते. दोन झाल्या की त्यातली एक खोटी, आणि कुठली खोटी हे नंतर कोणाच्या बापाला सांगता येत नाही."

ग्रंथपाल म्हणून आसावरीला हे पटण्यासारखं नव्हतं. पण जागा खरंच संपली होती, आणि बाबांशी वाद घालून आजवर कोणी जिंकलं नव्हतं. तिने 'काढून टाका'वर खूण केली. थोड्याच वेळात सगळा फोल्डर रिकामा झाला आणि ती चहा ठेवायला गेली.

२

काम आपोआप होत होतं तरी आसावरीला स्वस्थ बसवेना. देवव्रतने 'बघायलाही नको' म्हटलं होतं, पण पुस्तक परत आलं की पानं मोजून घेणारी बाई ती. रोज दुपारी सर आडवे झाले की ती मागच्या खोलीत जाऊन यादी तपासायची. यादीत फाइलचा नंबर, निघताना किती लांबीची होती, पोचली तेव्हा किती लांबीची होती, असं ओळीने लिहिलेलं असायचं.

एकोणिसाव्या फाइलपाशी ती थांबली. निघताना दोन मिनिटं चौदा सेकंद. पोचली तेव्हा दोन मिनिटं पंचवीस सेकंद.

कमी झालं असतं तर तिला समजलं असतं. वाटेत काहीतरी सांडलं, असं म्हणता आलं असतं. वाढलं कसं? तिने हेडफोन घातले आणि क्लाउडवरची फाइल लावली. बाबांची हजेरी, बाबांची वाक्यं, शेवटचं वाक्य, "मला आलं घालून चहा हवा." इथे त्यांनी हात वर केला होता आणि तिने बंद केलं होतं, तिला स्वच्छ आठवत होतं. पण फाइल पुढे चालूच राहिली. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग चपला. बाबांच्या त्या जाड रबरी चपलांचा फटक फटक आवाज, दाराच्या दिशेने चार पावलं, आणि शांतता.

बाबा त्या दिवशी दीड तास खुर्चीतून उठलेच नव्हते. कोमट पाणीसुद्धा तिनेच हातात दिलं होतं.

"ताई, फाइल वर जाताना तिचं रूपांतर होतं, त्यात थोडंफार मागेपुढे होतं," देवव्रत म्हणाला. "आणि तू एखादं रेकॉर्डिंग उशिरा बंद केलं असशील. दमलीयेस तू."

दमली होती हे खरंच होतं. उशिरा बंद केलं असेल हेही तिने मान्य करून टाकलं, कारण ते मान्य करणं सोयीचं होतं. बाबांचा आवाज जाणार होता. त्याला अकरा सेकंद जास्तीचे चिकटले, तर त्यात रडण्यासारखं काय होतं? तरी त्यानंतर ती रेकॉर्डिंग बंद करताना बटण दोनदा दाबायला लागली. फाइली वाढायच्या त्या वाढतच राहिल्या. पंधरा सेकंद, तीस, एकदा पाऊण मिनिट. खुर्ची, चपला, एखादा खोकला, कपात फिरणारा चमचा.

साडेतीनशे वाक्यं वेळेत झाली. शेवटच्या दिवशी सरांनी यादीबाहेरचे निमकी-अडीचकीचे जुने पाढेही म्हणून दाखवले, कारण ते आता कोणाला येत नाहीत. पंचवीस तारखेला ऑपरेशन झालं.

३

घरी आले ते पंधरा दिवसांनी. गळ्याच्या खाली, दोन हाडांच्या मध्ये, श्वासासाठी भोक. नाकातोंडाचा श्वासाशी संबंध संपला होता. मोबाइलवर लिहायला सरांनी साफ नकार दिला. त्यांनी बाजारातून पाटी आणि पाटीची पेन्सिल मागवली, आणि घरात दिवसभर करकर आवाज सुरू झाला. त्यांचं अक्षर अजूनही छापल्यासारखं होतं.

निघताना नर्सने आसावरीला आणि कामाला येणाऱ्या सुरेखाला समोर बसवून शिकवलं होतं. त्या भोकात कफ साचतो. साचला की घरघर ऐकू येते. घरघर आली की लगेच मशीन लावून कफ ओढून काढायचा. चार-पाच मिनिटं उशीर झाला तर माणूस हातचा जातो. "त्यांना हाक मारता येणार नाही," नर्स म्हणाली. "तेव्हा तुम्ही कान द्यायचा. यांची शुश्रूषा म्हणजे कान."

आसावरीने कान दिला. स्वयंपाकघरात असली तरी एक कान हॉलकडे. आंघोळीला गेली तर नळ बारीक सोडून. घरभर तो श्वास ऐकू यायचा, सूं सूं, आणि त्या आवाजाचा तिला आधार वाटायचा.

बोलणारा आवाज तयार व्हायला अजून महिना होता. एका दुपारी तिला राहवलं नाही. बाबांचा जुना आवाज ऐकावा म्हणून तिने मागच्या खोलीत जाऊन क्लाउड उघडला. सगळ्यात वर एक नवी फाइल होती.

माइक तर तिने ऑपरेशनआधीच काढून कपाटात ठेवला होता. लॅपटॉप तेवढा टेबलावर चालू होता, देवव्रतने सांगितलं होतं, बंद करू नकोस. तिने फाइल लावली.

"आज बुधवार," बाबांचा आवाज म्हणाला. खणखणीत, आजाराआधीचा. "तारीख अठरा मार्च. ठिकाण, मागची खोली. हजर, मी."

मग बराच वेळ काही नाही. त्या शांततेत खोली ऐकू येत होती. बंद खिडकीपलीकडची शिट्टी, खुर्चीच्या लाकडाची बारीक कुरकुर.

"गैरहजर, आसावरी."

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. अठरा मार्च, बुधवार. आजचाच.

ती हॉलमध्ये गेली. बाबा खिडकीशी पेपर वाचत होते. "बाबा, तुम्ही पुढच्या तारखा टाकून काही रेकॉर्ड करून ठेवलंत का? माझी गंमत करायला?" तिने विचारलं.

बाबांनी पाटी घेतली. *चुकीची तारीख घालून मी कधी सही तरी केलीये का?*

४

सुरेखा पळसदरीहून सकाळी यायची आणि तीनला जायची. धीट बाई. गावात साप निघाला तर तिला बोलावणं यायचं. ती दुसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता म्हणाली, "ताई, सरांना सांगा जरा. मागं येऊन उभं राहतात नि मला कळतच नाय. आज दोनदा दचकली मी. येताना चपला तरी घाला म्हणावं."

"चपला घालतात की ते. फरशी गार लागते म्हणून काढतच नाहीत."

"मग वाजत कशा नाय गं बाई?"

आसावरी हसली, पण विळीवरचा कांदा तसाच टाकून हॉलच्या दाराशी गेली. बाबा खुर्चीतून उठले, कपाटापर्यंत गेले, पुस्तक काढलं, परत आले. पायात जाड रबरी चपला. फरशीवर टेकताना दिसत होत्या, उचलताना दिसत होत्या. आवाज नव्हता.

आपल्या कानात काही बिघडलं असेल असं तिला वाटलं, आणि खरं सांगायचं तर तसं असावं अशी तिने मनोमन इच्छा धरली. पण सुरेखाने कुकरचं झाकण आपटलं ते ऐकू आलं. खालून भंगारवाला ओरडत गेला तो ऐकू आला. तिने बाबांच्या हातात चहाचा कप दिला. बाबांनी चमचा फिरवला, कपाच्या कडेवर दोनदा झटकला, बशीत ठेवला. काहीच वाजलं नाही. तिने तोच चमचा उचलून बशीत टाकला, तो खणकन वाजला.

"बाबा, टाळी वाजवा," ती म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनाही ठाऊक होतं, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. तिला सांगायचं टाळत होते एवढंच. त्यांनी पाटी मांडीवर ठेवली आणि जोरात टाळी वाजवली. तळवे लाल झाले. खोलीत फक्त भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक होती.

मग त्यांनी पेन्सिल घेतली. आज तिचीही करकर नव्हती. *आवाज डॉक्टरांनी काढला, माझ्या सहीने. हे कोण नेतंय?*

मागच्या खोलीत यादी लांबत चालली होती. दर तासाला चार-पाच नव्या फाइली. इथला फोल्डर रिकामाच दिसायचा, कारण पाठवून झालं की इथून काढून टाकलं जात होतं, तिने सांगितलं होतं तसंच. एकीत नुसत्या चपला होत्या. एकीत चमचा, दोनदा झटकलेला. एकीत टाळी. टाळीनंतर बाबांचा आवाज म्हणत होता, "कोण आहे? दार कोणी लावलं बाहेरून?"

५

शुक्रवारी ती औषधं आणायला स्टेशनजवळच्या दुकानात गेली. जाऊन येऊन अर्धा तास. जिन्यातच सुरेखा समोर आली. तिचा पदर ओला होता.

"आता बरं हाय, ताई. झोपलेत. तुमी आधी बसा."

कफ अडकला होता. सर पलंगावर होते, जेवणाचं स्टीलचं ताट शेजारी. हाक मारता येत नाही म्हणून ते ताटावर चमचा हाणत होते. सुरेखा स्वयंपाकघरात, दहा पावलांवर. वाळत घालायच्या कपड्यांची बादली न्यायला ती हॉलमध्ये आली म्हणून दिसलं.

"चेहरा निळा पडला होता. ताटाला पोचे आलेत, ताई, पोचे! एवढं हाणलं नि मला काय पण ऐकू आलं नाय. आमी कान घेऊन काय करायचं मग?" सुरेखा रडायला लागली. "मशीन लावली नि मोकळं झालं. पण उद्या मी बादली न्यायला नाय आली तर?"

आसावरी बाबांपाशी जाऊन बसली. त्यांची छाती हलत होती. श्वास ऐकू येत नव्हता. सूं सूं कधी थांबली हे तिला आठवेना. तिने तळहात त्यांच्या गळ्यापाशी धरला, ऊब लागली, मग निघून गेली, परत लागली. तिने हात काढलाच नाही. बाबांना आपण दर मिनिटाला असं धरून बसलो तरच ते जगतील, आणि तेवढं कोणाच्यानेच होणार नाही, हे तिला लख्ख दिसलं. तिला रडू आलं नाही, तिला राग आला.

ती मागच्या खोलीत गेली. साडेअकराची फाइल चार मिनिटांची होती. ताट, फक्त ताट. आधी जोरात, मग अनियमित, मग हळू. शेवटी बाबांचा आवाज, घाबरलेला. त्यांना घाबरलेलं तिने आयुष्यात ऐकलं नव्हतं. "आसावरी, कोणी ऐकतंय का गं? मी इथे आहे."

तिने थांबवायचं बटण दाबलं. पाठवणं चालू आहे, थांबवता येणार नाही, असं उत्तर आलं. लॅपटॉपची वायर काढली, बॅटरीवर चालू राहिला. इंटरनेटचा डबा बंद केला, यादीत पुढची ओळ उमटलीच. तिने देवव्रतला फोन लावला.

"हे बंद कसं करायचं ते सांग. आत्ता."

"ताई, तू रडतीयेस का? बाबा बरे आहेत ना?"

"देवव्रत, बंद कसं करायचं?"

"सगळं मिटवून टाक मग वरून. पण मूळ प्रत तिथेच आहे ना? इथून तर तू काढून टाकत होतीस. वरचं मिटवलं की संपलं, परत कुठेच मिळणार नाही." मग म्हणाला, "त्यापेक्षा उलटं लाव. तिथून इथे. सगळं खाली येईल आणि तिथलं रिकामं होईल. पण ताई, मी उद्या येतो. तुला झोपेची गरज आहे."

बाबा दारात उभे होते. कधी आले, अर्थातच कळलं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला. तिने हेडफोन दिले आणि ताटाची फाइल लावली. त्यांनी ती उभ्यानेच शेवटपर्यंत ऐकली. मग खुर्चीत बसून लिहिलं.

*त्याला वाटतंय आपण त्याला कोंडून आलो.*

"तो कोण, बाबा? तुमचाच आवाज आहे तो."

बाबांनी त्याच ओळीखाली लिहिलं. *माझा होता.*

"मिटवलं तर तुमचा श्वास परत कधीच ऐकू येणार नाही. मी काय करू? सांगा ना!" ती ओरडलीच. "परत आणू का?"

बाबांनी मान हलवली, धड हो नाही, धड नाही नाही. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. निर्णय तिच्यावर सोडण्याची त्यांची रीत नव्हती, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. तिने 'तिथून इथे' असं निवडलं आणि सुरू केलं.

६

तीनला सुरेखा गेली. जाताना दोनदा मागे वळून आली, आणि शेवटी म्हणाली, "मी सात वाजता फोन करते." आसावरीने बाबांना हॉलमध्ये खिडकीशी बसवलं, त्यांच्या समोर स्टूल घेतलं, आणि त्यांच्या गळ्यापाशी तळहात धरून बसली. बाबांच्या मांडीवर पोचे आलेलं ताट आणि चमचा. दर पाव तासाने बाबा ताटावर चमचा मारणार होते. ऐकू आलं की कळणार होतं, परत आलं.

हॉल आणि मागच्या खोलीकडे जाणारा बोळ यांच्यामध्ये आईने लावलेला निळा पडदा होता. पडदा फरशीच्या चार बोटं वर संपायचा. मागच्या खोलीचा दिवा चालू असल्याने त्या फटीतून उजेडाची पट्टी हॉलच्या फरशीवर पडली होती.

साडेतीन. बाबांनी चमचा मारला. काही नाही.

ती उठून मागे जाऊन पाहून आली. एकशे चाळीस फाइली खाली आल्या होत्या, दोनशेंच्या वर उरल्या होत्या. रिकामा झाल्यापासून इथला फोल्डर पहिल्यांदाच भरत होता. ती परत येऊन बसली आणि हात पुन्हा गळ्यापाशी नेला.

पावणेचार. चमचा. काही नाही. बाबांनी कोपऱ्यात पडलेल्या तिच्या चपलेकडे बोट दाखवलं, नीट ठेव. अशा वेळीही. तिला हसू फुटलं, आणि आपल्या बापावर आपलं किती प्रेम आहे हे तिला एकदम छातीत दुखेल इतकं जाणवलं.

चार वाजले तेव्हा बाहेर इंजिनाची शिट्टी झाली. बाबांनी चमचा उचलला, आणि ताट खणखणलं.

"आलं!" आसावरी ओरडली. "बाबा, आलं!"

बाबांचा चमचा हवेतच होता. तो ताटाला अजून लागलाच नव्हता.

ताट परत खणखणलं. बोळाच्या त्या टोकाला, मागच्या खोलीत. मग टाळी वाजली. कपाच्या कडेवर चमचा दोनदा झटकला गेला. ओळीने सगळं येत होतं, शेवटी गेलेलं आधी. बाबांनी चमचा अलगद ताटात ठेवला, तो वाजला नाही. त्यांची नजर पडद्यावर होती.

फाइली वाजत असतील, आसावरीने स्वतःला सांगितलं. खाली आल्या की आपोआप वाजत असतील, लॅपटॉपचा स्पीकर चालू राहिला असेल. ती हे मनात म्हणत असतानाच खुर्ची मागे सरकली. लॅपटॉपमधून येणारा आवाज चपटा असतो. हा नव्हता. खुर्चीच्या पायांनी फरशी खरवडली आणि तिच्या टाचांना ते जाणवलं.

चपला. फटक, फटक. चार पावलं, मागच्या खोलीच्या दारापर्यंत. आजवर फाइल इथे संपायची. आज पावलं संपली नाहीत. बोळात आली. त्यांच्याबरोबर श्वास येत होता, सूं सूं, गळ्यातून घेतलेला, आठवडाभर तिने ज्याच्यावर कान लावला होता तोच. तिच्या तळहाताखाली मात्र बाबांचा श्वास, मुका, भराभर लागत होता.

पडदा जरासा आत ओढला गेला आणि सुटला. फरशीवरची उजेडाची पट्टी मध्ये दोन ठिकाणी तुटली, दोन पावलांएवढ्या अंतरावर, आणि तशीच राहिली.

"आसावरी."

बाबांचाच. मधला 'सा' किंचित लांबवलेला, शेवट खाली टेकवलेला. या हाकेवर ती झोपेतून उठली होती, खेळ अर्धा टाकून धावली होती, कॉलेजात असताना मैत्रिणींसमोर लाजली होती. दुसऱ्यांदा मारावी लागेल अशी वेळ तिने या हाकेवर कधी येऊ दिली नव्हती.

बाबांनी झटकन पाटी ओढली. तीनच शब्द, वेडेवाकडे, त्यांच्या आयुष्यातलं पहिलं घाणेरडं अक्षर. दोन्ही हातांनी पाटी तिच्या डोळ्यांसमोर धरली.

*ओ देऊ नकोस.*

पण ती देऊन झाली होती. "ओ, आले बाबा," चव्वेचाळीस वर्षांच्या सवयीने म्हटलेलं. जीभ टाळ्याला लागलेली, गळा थरथरलेला तिला नीट जाणवला होता.

पडद्यापलीकडचा श्वास थांबला.

बाबा तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. डोळे विस्फारून, कान पुढे करून. मग त्यांनी बाहीने पाटी पुसली आणि लिहिलं.

*काही म्हणालीस का? नुसते ओठ हलले तुझे.*